पेटीतले दिवस : कमी दिवसांच्या बाळांच्या घरचे अनुभव

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं ते ‘कमी दिवसांचं’ बाळ. १७ नोव्हेंबर हा जगभर त्यांचा दिवस म्हणून पाळतात. त्या निमित्ताने, ज्यांच्या घरी असं बाळ आलं त्यांनी लिहावं. सल्ले नकोत, घडलं तसं लिहा. सुरुवात मी करते.

आई, पुणे
एकोणतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून मला दर बारा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं द्यायची होती. तिसरं झालं आणि लेक आलीच. १,०८० ग्रॅम. नाकात हवेच्या दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपच्या नळ्या, तोंडातून पोटात जाणारी दुधाची नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. ती अधूनमधून श्वास घ्यायचं विसरायची. मॉनिटर किंचाळायचा, सिस्टर शांतपणे येऊन तळव्याला टिचकी मारायच्या आणि आकडा वर चढायचा. पहिल्यांदा मी तिथेच मटकन खाली बसले. दहाव्या वेळी सिस्टरबरोबर मीही मनात आकडे मोजत होते. त्यावरचं औषध म्हणजे चक्क कॅफिन. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा जिवाला कॉफी?”

दूध सुरू झालं दोन तासांनी एक मिली. मी अर्धा तास पंप लावून बसायचे आणि त्यातलं चमचाभरही तिला लागायचं नाही. सहाव्या दिवशी वजन ९७०. पहिल्या आठवड्यात उतरतंच, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मला पटलं होतं, पण घरी फोनवर आकडा सांगायला जीभ उचलेना. पाचवीला सासूबाईंनी पाटावर कोरा कागद नि पेन मांडलं आणि बाळाच्या जागी तिची धुवायला आणलेली टोपी ठेवली. मोसंबीवर बसेल एवढी. एरवी या गोष्टींवरून माझं नि त्यांचं वाजतं. त्या दिवशी फोनवरून हळदीकुंकू कुठल्या डब्यात आहे ते मीच सांगितलं. चोपन्नाव्या दिवशी घरी आलो, १,८५० ग्रॅम.

बाबा, विदर्भातलं जिल्ह्याचं गाव
आमचा मुलगा बत्तीस आठवड्यांचा, १,६०० ग्रॅम. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात होता. सरकारचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात उपचाराचा पैसा लागला नाही. खर्च झाला तो माझ्या चहा-नाश्त्याचा. बायको सिझेरियन होऊन दुसऱ्या वॉर्डात. सिस्टर म्हणाल्या, “बाबा, शर्ट काढा, हात कोपरापर्यंत धुवा.” मला वाटलं माझीच तपासणी आहे. त्यांनी पोराला उघड्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखं, आणि वरून कापड बांधलं. तासाच्या आत हलायचं नाही. आधी पाय गार होते. हाताच्या पाठीने पाय तपासायला शिकवलं होतं, म्हणून मी सारखा तेच करत बसलो. पाऊण तासाने ऊब लागली. डॉक्टर म्हणाले, ही कांगारूची रीत १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाला निघाली, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. माझ्या वडिलांनी मला चारचौघांत कडेवरसुद्धा घेतलं नव्हतं. ते दारातून बघून गेले, बोलले काही नाहीत.

आई
पंचवीस आठवडे, ६९० ग्रॅम, चार दिवस. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. पाचव्या दिवशीही येत होतं. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

आई, सातारा जिल्हा
वरचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.
आमची जुळी, एकतिसावा आठवडा. बाविसाव्या दिवशी खासगी दवाखान्यातून सोडलं. कागदावर लशी होत्या, टॉनिक होतं, डोळ्यांचं अक्षर नव्हतं. घरी आशाताई आल्या, गुंडाळलेल्या पोरांना हातही न लावता आधी फाइल मागितली. म्हणाल्या, “ताई, डोळ्याचा पडदा दाखवला का?” ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं असतं. बाळ लवकर बाहेर आल्यावर पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वाकड्या वाढू शकतात, वरून डोळा छानच दिसतो. आम्ही एकोणतिसाव्या दिवशी पोचलो. थोरल्याचं ठीक. धाकट्याला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं आणि लेझर करावं लागलं. आज चष्मा आहे, दिसतं. आशाताई त्या दिवशी आल्या नसत्या तर, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही. त्या दवाखान्यावरचा राग मात्र गेलेला नाही आणि घालवायचाही नाही.

आई, मुंबई
मला चार दिवस दूधच आलं नाही. मुलाला सायन हॉस्पिटलच्या दूधपेढीतलं, दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध दिलं. १९८९ पासूनची, आशियातली पहिली. तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवूनच दूध पुढे जातं. नंतर मला इतकं आलं की मीच देऊन आले. कुणाच्या बाळाला गेलं, माहीत नाही.

आजी, कोल्हापूर
पोरींनो, मीही लिहिते, नात टाइप करून देतेय. मोठी नात. ही गोष्ट धाकटीची.
ती तेहतिसाव्या आठवड्यात झाली, म्हणजे आठव्यात. आमच्यात म्हणायचे, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. मी हे मनातल्या मनात धरून बसले होते. डॉक्टरीणबाईंना कसं कळलं कुणास ठाऊक, आपण होऊन म्हणाल्या, “आजी, पोटात एकेक आठवडा जास्त तेवढं बरंच असतं.” मला रडू आलं ते बरं वाटून की लाज वाटून, आता आठवत नाही.
पोर आठव्या महिन्यात बसली. शेजारणीचा सहाव्यात बसला होता, ती रोज येऊन विचारायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिचं वय दिलेल्या तारखेपासून धरा. मी कालनिर्णयावर, दुधाच्या नोंदींच्या वर, मोजलं तर सव्वासहा भरले. शेजारणीला बोलावून बोट ठेवून दाखवलं.