मदत हवी आहे: टकीला आणि ट्रिपल सेकशिवाय घरी लाँग आयलंड आइस्ड टी जमेल का?

मुक्काम वेंगुर्ला. ३१ डिसेंबरला कॉलेजची मित्रमंडळी घरी येतायत, सहा-सात टाळकी. त्यातल्या एकाने फर्मान काढलंय की यंदा बिअर आणि तळलेले बांगडे चालणार नाहीत, लाँग आयलंड आइस्ड टी पाहिजे. बांगडे होणारच, प्रश्न दुसऱ्याचा आहे.

कृती शोधली. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं प्रमाण असं: व्होडका, टकीला, व्हाइट रम, जिन आणि क्वांत्रो (ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याचं गोड लिकर, त्यातलाच एक ब्रँड) प्रत्येकी १५ मिली, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०, वरून कोला. इथल्या वाइन शॉपमध्ये व्होडका, जिन, व्हाइट रम आहे. टकीला म्हटल्यावर दुकानदार नुसता हसला. क्वांत्रोचं नाव काढायचा मग धीर झाला नाही. बरं, एका ग्लासासाठी पाच बाटल्या फोडायच्या म्हणजे खिशाचाही विचार आला.

तर टकीलाच्या जागी काजूफेणी चालेल का? संत्र्याच्या लिकरला घरगुती पर्याय आहे का? आणि यात खरंच चहा असतो का? आमच्यात एका बांगड्याची पैज लागली आहे.

प्रतिसाद १
चहाचा थेंब नसतो, नाव रंगावरून पडलंय. पैज कोण जिंकलं ते कळवा. रॉबर्ट बट नावाच्या बारटेंडरचा दावा आहे की न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ओक बीच इन इथे १९७२ साली त्याने हे बनवलं. टेनेसीतल्या किंग्जपोर्टवाले म्हणतात, आमच्याही नदीत लाँग आयलंड नावाचं बेट आहे आणि दारूबंदीच्या काळातच आम्ही हे पीत होतो. मालवणी खाजं मूळ कुठलं यावर आपल्याकडे जितकं भांडण होईल तितकंच हे.

प्रतिसाद २
कशाला एवढा उपद्व्याप? तेरेखोल ओलांडली की गोवा. दोन तासांत सगळं घेऊन घरी.

प्रतिसाद ३
वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. परवान्याशिवाय गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या पकडल्याच्या बातम्या वाचत नाही का? थर्टी फर्स्टच्या आसपास तर तपासणी जास्तच. बाटलीबरोबर गाडीही जप्त होते. इथल्याच दुकानातून घ्या, पिण्याचा परवानाही काढून ठेवा. आणि आपल्याकडे हार्ड लिकरला वयाची अट २५ आहे, कोणी धाकटा भाऊ घेऊन येणार असेल तर आधीच सांगा.

प्रतिसाद ४
फेणीबद्दल माझा आजोळचा अनुभव इतकाच, की तिचा वास आधी खोलीत येतो, मग ग्लास. १५ मिली घातलीत तर बाकी तिघी गप्प बसतील. १० वर थांबा आणि ५ मिली जिन वाढवा. टकीलाची चव येणार नाही, पण पेयाला एक रांगडा तळ लागतो, तो फेणी देते. इथल्या दुकानात तीही नसेल तर टकीला सरळ गाळा आणि उरलेल्या तिन्ही २०-२० करा.

प्रतिसाद ५
रे बाबा, फेणी घालतलंस तर बाकीच्यो बाटल्यो कपाटात ठेव. ती दुसऱ्या कोणाक बोलूक देणा नाय. लिंबू पिळ, सोडा घाल, बांगडो हाणू घे, झाला तुझा लाँग आयलंड.

प्रतिसाद ६
संत्र्याचं सांगतो, सध्या नागपुरी संत्री बाजारात आहेत म्हणून सोपं आहे. चार संत्र्यांची फक्त केशरी साल बटाट्याच्या सोलाण्याने काढा. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. अर्धी वाटी साखर घालून साल हाताने चोळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सालीतलं तेल साखर ओढून घेते. सकाळी पाव वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळा. हा पाक ट्रिपल सेक आणि साखरेचा पाक दोन्हींच्या जागी, ग्लासाला २० ते २५ मिली. क्वांत्रोत ४० टक्के अल्कोहोल असतं, यात शून्य, म्हणजे ग्लास आपोआप थोडा सौम्य होतो. तुमच्या मित्रांचं वर्णन वाचून ते बरंच वाटतं.

लिंबू ताजंच पिळा, बाटलीतला रस नको. आपलं कागदी लिंबू परदेशी पिवळ्या लेमनपेक्षा आंबट, त्यामुळे ३० ऐवजी २५ पासून सुरुवात करा. घरी केलेलं हे पेय बहुतेक वेळा इथेच फसतं. लोक दारूची मापं काटेकोर घेतात आणि लिंबू अंदाजाने पिळतात, मग चव झाकायला कोला ओततात. कोला ६० ते ९० मिली, रंगापुरता.

प्रतिसाद ७
कोला मुळीच नको, अमृत कोकम घाला! कोकणात राहून कोला?

प्रतिसाद ६ (पुन्हा)
छान लागेल, पण रंग लाल होईल. कोल्याऐवजी क्रॅनबेरीचा रस घातला की त्याला लाँग बीच आइस्ड टी म्हणतात, तुमचं त्याच्या जवळ जाईल. फक्त आगळ (कोकमाचा खारा रस) घालू नका, त्यात मीठ असतं. आणि अमृत कोकम गोड असल्याने संत्र्याचा पाक निम्मा करा.

प्रतिसाद ८
बर्फाचं कोणीच बोललं नाही. मासळीच्या पेटीतला बर्फ घरी आणू नका, तो खाण्याचा नसतो. निळसर दिसला तर समजा, ती खूण मुद्दाम केलेली असते. आदल्या दिवशी स्टीलच्या वाट्यांत पाणी लावा, मोठे खडे मिळतात आणि हळू वितळतात. दारू, लिंबू, पाक घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फासकट दहा-पंधरा सेकंद हलवा, गाळून ताज्या बर्फावर ओता, मग कोला. कोला बरणीत घालून हलवलात तर छत धुवावं लागेल.

मापासाठी खोकल्याच्या औषधाचं टोपण वापरा, त्यावर ५, १०, १५ च्या खुणा असतात. गरम पाण्याने नीट धुवून.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पैज मी जिंकलो. फेणीवाला आणि बिनफेणीचा असे दोन्ही करून बघेन. एकच विचारायचं राहिलं: सात जणांना प्रत्येकी किती?

प्रतिसाद ३
हिशोब तुम्हीच करा. मूळ प्रमाणात ७५ मिली दारू, म्हणजे अडीच स्मॉल पेग. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४२.८ टक्क्यांच्या, म्हणजे एका ग्लासात साधारण ३२ मिली शुद्ध अल्कोहोल. दोन ग्लास म्हणजे पाच पेग, आणि लिंबू-कोल्यामुळे ते कळतही नाहीत. माणशी एक पुरे. दुसरा मागणाऱ्याची स्कूटरची चावी आधी घ्या आणि गाद्या सात जणांच्या घाला. खाडीचा रस्ता रात्री अंधारा असतो.

प्रतिसाद ८
आणि व्होडका, जिन, रम (फेणी घालणार असाल तर तीही) दुपारीच एका रिकाम्या बाटलीत मापाने एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवा, खराब होत नाही. लिंबू मात्र संध्याकाळीच पिळा. बांगडे कोण तळणार आहे?