लग्नाच्या फोटोंना विकतचे प्रीसेट: वापरावेत की नाही?

फोंड्याहून:
विकतचे प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाच्या तयार सेटिंग्ज, आपल्या फोटोंचं वाटोळं करताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर सगळं लग्न ‘तयार’ होतं खरं, पण त्वचा उजळवणारा प्रीसेट बहुतेक वेळा नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवतो. आपल्याकडे चिऱ्याची भिंत, अंगणातली तांबडी माती आणि माणसाची त्वचा बरीचशी त्याच नारिंगीत येते. चेहरा उजळला की चिरेही फिके पडतात.

हिरव्याची गत याहून वाईट. पानांच्या हिरव्यात पिवळा भरपूर असतो, म्हणून हिरवा मातकट करायच्या फॅशनमध्ये पिवळाही खेचला जातो. मग हळदीच्या फोटोतली हळदच मरते! पावसात प्री-वेडिंगला जोडपी मुद्दाम शेतात जातात, आणि हातात येतात ती वाळकी शेतं.

वेळ वाचवायचाच तर निवडीत वाचवा. कॅप्स लॉक चालू ठेवून पी (ठेवायचा) किंवा एक्स (टाकायचा) दाबत जा, पुढचा फोटो आपोआप समोर येतो.

म्हापशाहून:
भाई, दोष प्रीसेटचा नव्हे, एकच प्रीसेट सगळीकडे थापणाऱ्याचा. मे महिन्यात मुहूर्त लागोपाठ असतात. आज एक लग्न, उद्या दुसरं, आणि पहिल्याच्या घरून फोन सुरू. प्रत्येक फोटोचे स्लायडर हाताने फिरवत कोण बसणार?

लाइटरूममध्ये 2021 साली सब्जेक्ट आणि आकाश आपोआप निवडणारे मास्क (फोटोचा तेवढाच भाग बदलू देणारी निवड) आले, 2022 मध्ये त्वचा वेगळी निवडणारेही आले. हे मास्क प्रीसेटमध्ये साठवता येतात आणि प्रत्येक फोटोवर नव्याने बसतात. त्वचा उजळते, भिंतीला धक्का लागत नाही. माझे प्रीसेट मी स्वतः केलेत: देवळाच्या सभामंडपाचा निराळा, एलईडीने भरलेल्या हॉलचा निराळा, उन्हाचा निराळा. आधी एक फोटो नीट बसवायचा, मग त्या उजेडातले बाकीचे निवडून कंट्रोल-शिफ्ट-एस, म्हणजे सिंक: त्याच सेटिंग्ज बाकीच्यांवर.

फोंड्याहून:
सिंकला माझी हरकत नाही, तो आपणच बसवलेल्या फोटोवरून होतो. पण हळद माखलेला गालही मास्कला त्वचाच वाटतो. तिथे काय कराल?

डिचोलीहून, अल्बम डिझाइन करते:
तुम्ही दोघेही त्वचा उजळायचीच असं धरून चालला आहात. का? सावळी नवरी गोरी करून पाठवलेले अल्बम माझ्याकडे येतात. हात सावळे, तोंड पांढरं, आणि कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मोती उडालेले. हे मला मुळीच मान्य नाही. आधी व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसणं) आणि एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) जागेवर आणा, अर्धी ‘उजळवण्याची’ गरज तिथेच संपते. उजेड तोच असून शटर किंवा आयएसओ बदलत गेला असेल, तर सगळ्या फोटोंचा उजेड सारखा करायला लाइटरूमच्या डेव्हलपमधल्या सेटिंग्ज मेन्यूत ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ आहे. फ्लॅशच्या फोटोंना मात्र त्याचा भरवसा नाही.

यंत्राला यंत्राचं काम द्या. फोटोशॉपमध्ये ॲक्शन, म्हणजे एकदा नोंदवून पुन्हा चालवायच्या पायऱ्या, 1996 पासून आहेत, 4.0 आवृत्तीत आल्या. साइझ, शार्पनिंग, एसआरजीबी (स्क्रीनसाठीची रंगपद्धत), जेपीईजी एवढं ॲक्शनमध्ये नोंदवा आणि फाइल, ऑटोमेट, बॅच करून अख्खं फोल्डर सोडा. रंगदुरुस्ती करताना ॲडजस्टमेंट लेयर (बदलांचा वेगळा थर) ठेवून पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची थरांसकटची फाइल, द्या. सपाट करून पाठवलेल्या फोटोत मला मागे जाता येत नाही, आणि घरच्यांनी ‘चेहरा वेगळाच दिसतो’ म्हटलं की बोलणी मी खाते.

म्हापशाहून:
ताई, पीएसडीचं पटलं. गोरेपणाचं बोलायला सोपं आहे. गिऱ्हाईक स्वतः सांगतं, ‘जरा उजळ करा’. पैसे देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? हळदीसाठी मात्र वेगळा प्रीसेट करतो, त्यात पिवळ्याला हात नाही आणि त्वचेचा मास्कही नाही.

डिचोलीहून:
नाही म्हणू नका, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवा. नवरीला स्वतःला विचारा. ‘उजळ करा’ म्हणणारी बहुतेक वेळा ती नसतेच.