रेशमाचं सांडपाणी: माल की नुसता खर्च?

कोषातला_किडा:
कच्च्या रेशमात वजनाने २० ते ३० टक्के सेरिसिन असतं, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारा अळीचा डिंक. कापड मऊ व्हावं म्हणून आपण तो साबण-सोड्यात उकळून काढतो आणि गटारात सोडतो. हेच प्रथिन ओलावा धरतं म्हणून क्रीमवाले विकत घेतात. निव्वळ करंटेपणा!

सोडाखार:
हिशेब मांडू. १०० किलो रेशमाला ३० पट पाणी, म्हणजे ३,००० लिटर. त्यात २५ किलो डिंक. एक टक्कासुद्धा नाही! त्यातच साबण आणि सोडा. हे वेगळं करून वाळवणार कोण? वर सोड्याच्या उकळीत प्रथिनाचे तुकडे पडतात ते वेगळंच.

कोषातला_किडा:
मग साबण हवाच कशाला? दाबाखाली १२० अंशांच्या नुसत्या पाण्यातही डिंक सुटतो. ते पाणी दाट असेल तर थंड झाल्यावर खळीसारखं थिजतं, बोटाला चिकटतं. ते गाळणपडद्यातून घट्ट करायचं. सांडपाण्यावरचा भारही हलका होतो, तो धरलात का हिशेबात?

सोडाखार:
तो नव्हता धरला, कबूल. पण डिंक सगळीकडे सारखा उतरला नाही तर रंग डागाळतो आणि शिव्या रंगाऱ्याला पडतात. त्याच्या दृष्टीने कापड हा माल, तुमची खळी नव्हे.

नवखी_विणकर:
मधेच विचारते, तुटक्या धाग्यांचं काय? फायब्रॉइनच्या, म्हणजे डिंक काढल्यावर उरणाऱ्या तंतूच्या प्रथिनाच्या, पातळ लेपाने स्ट्रॉबेरी जास्त टिकते असं वाचलंय.

सोडाखार:
टिकते, २०१६ मध्ये तसा प्रयोग झालाय. पण फायब्रॉइन विरघळवायला सहसा लिथियम ब्रोमाइड लागतं, नंतर ते क्षार काढत बसा. तुटक्या धाग्यांचं तर सूत कातलं जातं, ताई. त्याला कचरा म्हणू नका.

कोषातला_किडा:
हे पटलं. माझा हट्ट फक्त डिंकापुरता. निदान पहिलं पाणी वेगळं धरा, बहुतेक डिंक त्यातच असतो. धुण्याचं पाणी जाऊ दे.

सोडाखार:
पहिल्या पाण्याचं चालेल, तेही बिनसाबणाचं असेल तर. आणि त्याच दिवशी गाळा. प्रथिन आहे ते, उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलंत तर घेणारा दारातूनच परत जाईल.