लिंबाच्याच कुंडीत जेड लावलं, आता दोघंही रुसलेत

अर्धीकुंडी:
माझ्याकडे १६ इंची कुंडीत कलमी लिंबू आहे, दोन वर्षांचं. खालची माती उगाच उघडीबोडकी दिसते म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी शहाणपणा केला आणि बुंध्याभोवती जेडच्या चार फांद्या अन् दोन इचेव्हेरिया (दोन्ही जाड, पाणीदार पानांची सकुलंट झाडं) खोचून टाकल्या. फोटोत एक नंबर दिसत होतं. पहिला महिना काहीच तक्रार नाही, मग इचेव्हेरियाची खालची पानं काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली, हात लावला की गळतात, एक तर मधूनच अक्षरशः वितळली. मी घाबरून पाणी तोडलं तर आता लिंबाची पानं होडीसारखी आत वळलीत आणि मटारएवढी धरलेली सात-आठ लिंबं पडली. परत पाणी दिलं की जेड मऊ पडतं.

मला कळत नाहीये की दोघांनाही भरपूर ऊन लागतं, दोघांनाही पाणी साचलेलं चालत नाही असंच सगळीकडे वाचलं होतं, मग बिनसलं कुठे? मिश्रण म्हणजे अर्धी बागेतली माती, बाकी गांडूळखत आणि कोकोपीट. लिंबाची काही पानं पिवळीही दिसतायत पण ते बहुतेक वेगळं प्रकरण आहे.

खुरपंबहाद्दर:
आधी वेगळी करा, मग पुढचं वाचा 😄

"पाणी साचलेलं चालत नाही" हे वाक्य दोघांना लागू आहे खरं, पण अर्थ वेगळा आहे हो. लिंबाला पाणी द्यायचं तर कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत सपाटून द्यायचं, जादाचं निघून गेलं पाहिजे, पण आत ओल राहिली पाहिजे. वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागली की पुन्हा. जेडला वरची दोन इंच नाही, पूर्ण कुंडी तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी, आणि तरी दोन दिवस विसरलात तर ते आभार मानेल. आता एकाच कुंडीत हे दोन्ही कसं जमवणार तुम्ही? शिवाय तुमचं मिश्रण पाणी धरून ठेवणारं आहे, लिंबाला चालून जाईल, इचेव्हेरियाला ती दलदल आहे. तिला अर्ध्याहून जास्त जाड वाळू, परलाइट किंवा विटेचे बारीक तुकडे पाहिजेत.

काढताना खुरपं खोल घालू नका प्लीज. लिंबाची अन्न खाणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात आणि तुम्ही नेमकी तिथेच एकदा उकराउकर केलेली आहे. हाताने हळू उपटा, सकुलंटची मुळं तुटली तरी फरक पडत नाही, ती परत येतात.

रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर, पण "का" ते सांगतो कारण मला तेच भारी वाटतं.

लिंबू दिवसा कामाला असतं. उन्हात पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याच छिद्रांतून पाणी उडत राहतं, म्हणून त्याला मुळाकडून सतत पुरवठा लागतो. जेड, इचेव्हेरिया ही मंडळी रात्रपाळीवाली. छिद्रं रात्री उघडतात, गारव्यात पाणी कमी उडतं, घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन त्याची साखर बनवतात. पाण्याची टाकी पानातच, त्यामुळे मुळाला घाई नाही. मुळाशी रोज ओल राहिली तर ते पाणी वापरणार कोण? मग मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते, आणि तुम्ही म्हणालात तसं झाड वितळतं.

गंमत म्हणजे यामुळे सकुलंटचं पान पहाटे आंबट आणि दुपारपर्यंत बेचव होतं. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात पानफुटीची पानं चावून हे टिपलं होतं आणि ते १८१५ मध्ये छापूनही आलं. म्हणजे तुमच्या कुंडीत आंबट दोघंही होते, एक फळात आणि एक पहाटे पानात. (चाखून बघू नका, यातली काही झाडं विषारी आहेत. घरात मांजर-कुत्रं असेल तर जेड तोंडाला लागेल असं ठेवू नका.)

बाल्कनीतलीबाई:
मला नाही पटत. माझ्याकडे लिंबाखाली जेड दीड वर्ष आहे, लिंबाला देते तेवढंच पाणी देते, मस्त फोफावलंय, आता कुंडीबाहेर लोंबायला लागलंय. मला वाटतं लोक सकुलंटचा उगाच बाऊ करतात.

रात्रपाळी:
@बाल्कनीतलीबाई ताई, पानं केवढी आहेत? नखाएवढी गोल, आणि फांद्या लालसर-तपकिरी, बारीक?

बाल्कनीतलीबाई:
हो तशीच. का?

रात्रपाळी:
मग ते खरं जेड नाही, पोर्टुलाकारिया आहे. नर्सरीत दोघांनाही जेडच म्हणतात. खऱ्या जेडची, म्हणजे क्रॅसुलाची, पानं मोठी, जाडजूड, आणि खोड बोटासारखं मांसल. दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडची, पण पोर्टुलाकारिया जरा चलाख आहे, पाणी मिळत असेल तर साध्या झाडासारखं दिवसपाळी करतं आणि दुष्काळ पडला की रात्रपाळीवर जातं. म्हणून तुमच्याकडे टिकलं. तुमची कुंडी निचऱ्याची असणार हेही आहेच.

बाल्कनीतलीबाई:
अगं बाई, इतकी वर्षं मी त्याला जेड जेड म्हणतेय 🙈 कुंडी मातीची आहे, तळाला भोकं पण भरपूर.

अर्धीकुंडी:
अपडेट. सगळं काढलं. इचेव्हेरिया दोन्ही गेल्या, देठ आतून काळा होता. जेडच्या चारपैकी तीन फांद्या वरून ठीक आहेत, खाली मऊ. माझं क्रॅसुलाच आहे, पानं मोठी आहेत.

आता पिवळ्या पानांचं. नीट बघितलं तर जुनी पानं हिरवी आहेत, नवीन पानं पिवळट आणि त्यावर शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. मी गांडूळखत अजून घातलं, काही फरक नाही. एकच फांदी जोमात आहे, खालून आलीय, सरळ वर चाललीय, पानं पण तजेलदार. तिच्याकडे बघून जरा धीर येतो.

खुरपंबहाद्दर:
जेडच्या फांद्या निरोगी भाग लागेपर्यंत वर कापत जा, काप आतून स्वच्छ हिरवा दिसला पाहिजे. मग सावलीत चार-पाच दिवस तशाच पडू द्या, कापलेल्या जागी खपली धरू दे, मग कोरड्या मिश्रणात खोचा आणि आठवडाभर पाण्याचं नाव नको. गळलेली चांगली पानं फेकू नका, मातीवर नुसती ठेवली तरी मुळं फुटतात. लिंबाचं पान ठेवून असा चमत्कार होत नाही.

नव्या पानांवर हिरव्या शिरांची जाळी म्हणजे लोह मिळत नाहीये. बऱ्याचदा मातीत लोह असतं, पण क्षारांचं जड पाणी देऊन देऊन माती अल्कधर्मी झाली की झाडाला ते उचलता येत नाही. लिंबाला मातीचा सामू (pH) ६ ते ७ च्या मधे आवडतो. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मिळतं ते पाकिटावरच्या प्रमाणात द्या, पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. आधी पिवळी झालेली पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, नवी फूट बघायची. जुनी पानं सरसकट पिवळी पडली असती तर मी नत्र म्हटलं असतं. लिंबू खादाड आहे, त्याला वाढीच्या दिवसांत नियमित खायला लागतं. जेडला तेच खत तेवढंच दिलं तर ते नुसतं लांबुळकं, पोचट वाढतं.

लिंबं गळाली त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, लिंबू धरलेल्या फळांपैकी बरीच स्वतःच टाकतं, फक्त एकदा कोरडं एकदा ओलं असं केलं की जास्त टाकतं. फुलं यावीत म्हणून पाणी तोडून ताण देतात तो फळं नसताना, आत्ता नाही.

आणि ती जोमातली फांदी कुठून फुटलीय? कलमाच्या सांध्याच्या वरून की खालून? काटे बघा.

अर्धीकुंडी:
खालून. मातीपासून चार बोटांवर. काटे चिक्कार आहेत, पानं पण बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटतायत आता तुम्ही म्हणालात म्हणून 😐

खुरपंबहाद्दर:
तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा फुटवा. तुमचं लिंबू नाहीच ते, खालचं जंगली झाड आहे, वरच्याचं खाऊन मोठं होतंय. बुडापासून काढा, अर्धवट छाटलंत तर दुप्पट येईल. आणि नवीन पानांवर चांदीच्या रेघोट्या दिसल्या तर ती नागअळी, पक्ष्याच्या शिटेसारखं काही बसलेलं दिसलं तर फुलपाखराची अळी, ती हाताने उचला, फवारणीची गरज नाही.

अर्धीकुंडी:
काढला. हाताला तीन ठिकाणी बोचलं. आणि शिटेसारखं म्हणालात ना, तसं दोन पानांवर आहे, मी काल ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ते हललं.