मदत हवी आहे : दुकानाच्या घरच्या ब्रँडचा प्रोटीन बार घ्यावा की नावाजलेल्या कंपनीचा?

अमळनेरची_ताई
नमस्कार मंडळी. पोरगा पोलीस भरतीच्या मागे लागलाय. पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर जातो. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानीचे ५० गुण. पळण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खाण्याची आहे. बरोबरच्या पोरांचं बघून त्याला आता प्रोटीन बार पाहिजे. डब्यात गूळ-शेंगदाणे दिले तर तसेच परत येतात. मना पोऱ्या ऐकतच नही!

गेल्या रविवारी जळगावला गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या साखळी दुकानात त्यांच्याच नावाचा बार ६० रुपयांना होता आणि शेजारी जाहिरातीतल्या कंपनीचा १२० ला. मी अर्थातच ६० वाले सहा उचलले. पोरगा तोंड फुगवून गाडीत बसला. त्याचं म्हणणं, "स्वस्तातला आहे म्हणजे त्यात काही नसतं." मग माझ्या भावाने त्याला महागातले दोन आणून दिले (मामाच तो).

आता विचारायचं असं की दुप्पट पैसे नुसते नावाचे आहेत का? तूरडाळ, रवा मी दुकानाच्या घरच्या ब्रँडचाच घेते, काही बिघडत नाही. मग बारनेच काय घोडं मारलंय?

भुसावळ_यार्ड
ताई, किंमत बाजूला ठेवा आणि दोन्ही कागद उलटे करून बघा. बारचं वजन किती, त्यात प्रोटीन किती ग्रॅम? पुढच्या बाजूचा मोठा आकडा बघू नका, मागचा तक्ता बघा. तक्त्यात आकडे १०० ग्रॅमला असतात आणि बार असतो ४० नाहीतर ५० ग्रॅमचा. इथेच गफलत होते. तेवढं लिहा, मग बोलू.

धुळ्याचा_न्यू_जर्सीत
इकडे अमेरिकेत हा प्रश्न रोजचा आहे. कॉस्टको या मोठ्या साखळी दुकानाचा किर्कलँड हा घरचा ब्रँड. त्यांचा बार ६० ग्रॅमचा, प्रोटीन २१ ग्रॅम. क्वेस्ट या नावाजलेल्या कंपनीचा बारही जवळपास तेवढाच. त्यामुळे इकडे घरचा ब्रँड सरळ स्वस्त पडतो. पण हा हिशोब तिकडे तसाच उचलून लावू नका. तिकडच्या दुकानाने कुठली रेसिपी बनवून घेतलीये त्यावर सगळं आहे.

अमळनेरची_ताई
कागद मिळाले. एक घरी होता, दुसरा पोराच्या ट्रॅक पँटच्या खिशात, धुण्याच्या बादलीत सापडला. चॉकलेट सगळं खिशाला लागलेलं, डाग अजून निघाला नाही.

६० वाला : वजन ४० ग्रॅम. पुढे मोठ्या अक्षरात २५ ग्रॅम प्रोटीन, खाली मुंगीएवढ्या अक्षरात १०० ग्रॅममागे. म्हणजे एका बारमध्ये १० ग्रॅमच. मी चाट पडले.
१२० वाला : वजन ६० ग्रॅम, एका बारमध्ये २० ग्रॅम.

भुसावळ_यार्ड
घ्या, भागाकार करा. ६० भागिले १० म्हणजे ६ रुपये. १२० भागिले २० म्हणजे तेही ६ रुपये. प्रोटीनच्या एका ग्रॅमला दोघंही तेवढेच पैसे घेताहेत. स्वस्त वाटला तो छोटा होता आणि पातळ होता, बस्स.

आता घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं. पहिल्या तिनात काय काय आहे?

अमळनेरची_ताई
६० वाला : शेंगदाणे, ग्लुकोज सिरप, सोया क्रिस्प, मग साखर.
१२० वाला : प्रोटीन ब्लेंड (कंसात व्हे, सोया आयसोलेट, केसिनेट), मग माल्टिटॉल नावाचं काहीतरी, मग बदाम.

शेंगदाणे आणि सिरप. म्हणजे चिक्कीच की हो ही! साठ रुपयांना चाळीस ग्रॅम चिक्की?

यावलचा_आहारवाला
जरा सोया घातलेली चिक्की, हो. पण पोराला सांगा, 'स्वस्त म्हणजे भुसा' हेही खरं नाही. सोयाचं प्रोटीन दर्जाने बरंच चांगलं असतं, आयसोलेट म्हणजे तेच वेगळं काढलेलं. व्हे आणि केसिनेट ही दुधातली प्रोटीन. व्हेमध्ये ल्युसिन (स्नायू बांधायला लागणारं अमिनो आम्ल) जास्त, म्हणून जिमवाले त्याच्या मागे. यादीत कोलॅजन किंवा जिलेटिन (जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन) वर दिसलं तर मात्र जपून. त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं, पण तक्त्यातल्या प्रोटीनच्या ग्रॅममध्ये कोलॅजनही मोजलं जातं.

मुळात त्याला लागतं किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम. रोज कसून सराव करणाऱ्यांना साधारण १.२ ते १.६ धरतात. वजन ६० किलो असेल तर ७२ ते ९६ ग्रॅम. यातलं बरंचसं डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्यातून निघतं. अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम, एका अंड्यात सहाच्या आसपास. सात-आठ रुपयांचं अंडं धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपया पडतो. तुम्ही सहा देताय.

बारची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. २० ग्रॅम प्रोटीन शेंगदाण्यातून घ्यायचं तर ८० ग्रॅम खावे लागतात आणि साडेचारशे कॅलरी पोटात जातात. चांगला बार तेवढंच प्रोटीन त्याच्या निम्म्या कॅलरीत देतो.

केळीबाग_रावेर
सगळे प्रोटीन मोजताहेत, पळायच्या आधी केळं कोणी सांगेना. जळगाव जिल्ह्यात राहून पोरं खिशात चॉकलेट घेऊन फिरतात! एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकला की त्या बारचा चिखल होतो. मी एकदा मोटारसायकलच्या डिकीत विसरलो, संध्याकाळी कागदासकट चाटून खाल्ला.

यावलचा_आहारवाला
हसू नका, घेतानाही हे बघायचं असतं. एकदा वितळून परत गोठला की वरचं चॉकलेट पांढुरकं होतं. आणि जुना झाला की बार दगडासारखा कडक होतो, मग ब्रँड कुठलाही असो. बनवल्याची तारीख बघून ताजा घ्या, सवलतीच्या टोपलीतला नको.

पारोळा_एक्सप्रेस
अजून एक. मागे 'निर्माता' आणि 'विपणन' वेगवेगळे दिसतील. दुकानवाले स्वतः कारखाना चालवत नाहीत, बनवून घेतात. एफएसएसएआयचा (सरकारचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी परवाना क्रमांक असतो, त्यावरून कारखाना कळतो. कधी कधी दोन ब्रँडवर बनवणारा एकच निघतो. पण कारखाना एक म्हणून माल एक असं समजू नका. एकाच आचाऱ्याकडून कोणी साधा शिरा करून घेतो, कोणी तुपातला.

अमळनेरची_ताई
सगळ्यांचे आभार. आहारवाले दादा, एक राहिलं. मामाने आणलेले दोन्ही बार त्याने एकाच दिवशी खाल्ले आणि रात्रभर पोट गुडगुडत होतं. सकाळी ग्राउंड बुडालं. तो म्हणतो शेवभाजी बाधली. तीच शेवभाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, आम्हाला काही नाही.

यावलचा_आहारवाला
शेवभाजी निर्दोष आहे. तो माल्टिटॉल. साखरेऐवजी घालतात, आतड्यात पूर्ण शोषला जात नाही, जास्त झाला की गॅस आणि जुलाब. कागदावर बारीक अक्षरात तशी सूचना असेल, बघा.

अमळनेरची_ताई
आहे. घडीच्या आत दडली होती. पोराला वाचून दाखवली.

ठरलं असं : पळायच्या आधी केळं, आल्यावर दूध आणि दोन अंडी. रविवारी लांबच्या सरावाला एक बार, तोही भागाकार करून. ते ६० वाले पाच उरलेत, ते चहाबरोबर मीच संपवतेय. चिक्की म्हणून वाईट नाहीत. ट्रॅक पँटवरच्या चॉकलेटच्या डागाला कोणाकडे उपाय असेल तर तेवढा सांगा.

केळीबाग_रावेर
आधी बर्फ फिरवून चॉकलेट कडक करा, चमच्याने खरवडा, मग भांड्यांचा साबण. गरम पाणी अजिबात नको.