ओढ्यात स्पेंटवॉश, कारखाना सहकारी आणि निम्मं गाव सभासद: तक्रार नेमकी कशी करायची?

काठावरचा

गावाच्या वरच्या अंगाला सहकारी साखर कारखाना आणि त्याचीच ६० केएलपीडीची (रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी) डिस्टिलरी आहे. हंगामात, बहुतेक रात्रीच, ओढ्याला तांबूस-काळं पाणी येतं, म्हणजे स्पेंटवॉश (डिस्टिलरीत अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी). त्यावर फेस, आंबूस वास आणि सकाळी मासे वर आलेले. ओढ्यालगतच्या विहिरींचं पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. ग्रामपंचायतीने प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलं, पण त्यांचे लोक येईपर्यंत ओढा स्वच्छ झालेला असतो, आणि नमुना "मर्यादेत" निघतो.

राष्ट्रीय हरित लवादाचं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायासन) नाव काढलं की गावात दोन तट पडतात. कारखाना बंद झाला तर ऊस कुठे घालायचा, असा एका तटाचा सवाल. पुरावा कसा गोळा करायचा, अर्ज कुठे आणि किती मुदतीत करायचा, आणि गाळपाला धक्का न लावता हे थांबवता येतं का, हे जाणकारांनी सांगावं.

नमुनेवाला

आधी नमुना, कारण प्रकरणं तिथेच फसतात. खालच्या पाण्याची एकच बाटली नेलीत तर समोरचा वकील म्हणणार की हे गावाचं सांडपाणी. म्हणून जागा तीन हव्यात: कारखान्याचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी, आणि खाली पाणी पुरतं मिसळलंय तिथे. तिन्ही नमुने तासाभरात घ्या, खालचा आधी आणि वरचा शेवटी, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ बाटलीत येत नाही.

बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याच्या मापाची) बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. ती बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. सीओडीची (तेच माप, पण रसायनाने काढलेलं) बाटली वेगळी. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा लागतो, पण ते काम प्रयोगशाळेवर सोपवा, घरी आम्लाशी खेळू नका. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो, नाहीतर ३०० मिलिच्या बाटलीत रसायनं घालून तिथल्या तिथे तो बांधून ठेवावा लागतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलेल्या पाण्याचा ऑक्सिजनचा आकडा फेकून देण्याच्या लायकीचा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी, आणि तुम्हाला हव्या त्या चाचण्या त्या मान्यतेच्या यादीत आहेत का, तेही आधी विचारा.

आकड्यांचा अंदाज असा: मळीपासून (मोलॅसिस) अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅम, आणि ओढ्या-नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा ३०. म्हणजे स्वच्छ पाण्यात हजारपट पातळ होऊनही तो मर्यादेच्या वर राहतो. बायोगॅस काढून घेतला की बीओडी बराच उतरतो, पण रंग आणि पोटॅश जात नाहीत.

हीच खूण विहिरींना लावा. विहिरीच्या नमुन्यात टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड आणि सीओडीबरोबर पोटॅशियम नक्की मागा. साध्या विहिरीत ते सहसा लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असतं, स्पेंटवॉशमध्ये काही हजार. खताचं पोटॅशही झिरपतं, म्हणून ओढ्यापासून लांबची, पण तसाच ऊस असलेली एक विहीर तुलनेला घ्या. त्या एका जादा नमुन्यावर अख्खा युक्तिवाद उभा राहतो.

अर्जविनंती

वरचं सगळं बरोबर, पण तुमचा खासगी नमुना फौजदारी खटल्यात चालत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४, कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला तिथेच नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद करून नेला तरच तो ग्राह्य. सील किंवा सही राहिली की अहवाल गेला. लवादाचं तसं नाही. तिथे दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा बांधून ठेवत नाहीत (लवाद कायदा २०१०, कलम १९), त्यामुळे तुमचा अहवाल प्रथमदर्शनी पुरावा म्हणून पुढे करता येतो.

पाणी आलं की त्याच मिनिटाला मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला फोन, आणि फोन ठेवताच ईमेल. त्यात वेळ, जागा आणि फोटो असू द्या. प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना. सकाळी तलाठी, ग्रामसेवक आणि दोन पंच घेऊन पंचनामा, त्यात मेलेल्या माशांचा आणि जनावरांच्या पाणवठ्याचा स्पष्ट उल्लेख. मंडळाचे लोक उशिरा आले तर तो उशीरच तुमच्या ईमेलवरून सिद्ध होतो. फोटो-व्हिडिओ मूळ फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत तारीख आणि जागेचा तपशील गळून पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडावं लागतं.

मग माहिती अधिकार, १० रुपयांचा. "प्रदूषणाबाबत माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. मागा हे: डिस्टिलरीचं चालू संमतीपत्र (मंडळाचा परवाना) अटींसह, गेल्या तीन हंगामांचे संयुक्त नमुन्यांचे (जेव्हीएस) अहवाल, ऑनलाइन मापन यंत्रणेची आकडेवारी आणि ती बंद असल्याच्या वेळा, कारणे दाखवा नोटिसा, जप्त केलेल्या बँक गॅरंटी (अटी पाळण्याच्या हमीपोटी मंडळाने घेतलेल्या). शिवाय जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि संबंधित माणसाला ती पाहण्याचा हक्क आहे. हे कलम कुणी वापरतच नाही.

लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. मुदत काटेकोर पाळा: लवाद कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण *पहिल्यांदा* घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी कलम १५, तिथे ५ वर्षं अधिक ६० दिवस. "गेली दहा वर्षं हेच चाललंय" असं पहिल्याच परिच्छेदात जोशात लिहून लोक स्वतःच्याच अर्जाला मुदतीच्या आक्षेपात अडकवतात. या हंगामातला दिनांकित प्रसंग पकडा. भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये.

फडकरी

कायदा ठीक आहे, पण डिसेंबर-जानेवारीत बंदीचा आदेश आला तर काय होतं याचा विचार करा. मंडळ जल कायद्याच्या कलम ३३अ खाली वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. उभा ऊस राहिला की खोडव्याचंही वेळापत्रक कोसळतं. शेजारचा कारखाना पाहुण्याचा ऊस आधी घेणार नाही. याचा फटका बसतो तो अल्पभूधारकाला, संचालकाचा ऊस कधीच मागे राहत नाही.

आधी सर्वसाधारण सभेत विषय घ्या. सहकार कायद्याच्या (१९६०) कलम ३२ खाली सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहता येतात. बँक गॅरंटी जप्त झाली असेल तर हिशेबात कुठेतरी दिसणारच, मग विचारा की हा पैसा कुणाच्या बिलातून गेला.

बाष्पक

गाळप आणि डिस्टिलरी ही दोन वेगळी युनिटं आहेत, आणि तुमच्या ओढ्यातलं काळं पाणी गाळपाचं नाही. गाळपाचं सांडपाणी फिकट, तेलकट आणि साखरेचं असतं. डिस्टिलरी थांबली तरी मोलॅसिस टाकीत साठवता येतं किंवा विकता येतं, उसाची मोळीसुद्धा अडत नाही. म्हणून मागणी "कारखाना बंद करा" अशी नको. "झेडएलडी यंत्रणा (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी) पूर्ण क्षमतेने चालल्याचं सिद्ध होईपर्यंत डिस्टिलरी बंद" एवढीच ठेवा. फडकरींचा मुद्दा त्यात बसतो.

आता पाणी सुटतं का, ते बघा. लिटरभर अल्कोहोलमागे ८ लिटर स्पेंटवॉश धरला तरी ६० केएलपीडीला रोज ४ लाख ८० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ४८ टँकर. तो बाष्पीभवन संचात आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ) मिसळून कंपोस्ट करायचं. संचाच्या नळ्यांवर खपली धरते, धुण्यासाठी तो थांबवावा लागतो, डिस्टिलरी मात्र थांबवत नाहीत. तेवढा सगळा माल लगूनमध्ये (स्पेंटवॉश साठवायचं तळं) जातो. लगून ३० दिवसांचं धरलं तर १४,४०० घनमीटर हवं. संमतीपत्रातला आकडा आणि प्रत्यक्ष लांबी-रुंदी-खोली ताडून बघा.

कंपोस्टचा हिशेब तर कागदावरच कोसळतो. रोज ५,००० टन गाळप धरा, ४ टक्के प्रेसमड, १५० दिवस: ३०,००० टन. एका टनाला अडीच घनमीटर जिरवला तर ७५,००० घनमीटर. डिस्टिलरी २७० दिवस चालली तर न आटवलेला स्पेंटवॉश होतो १,२९,६०० घनमीटर. उरलेला कुठे जातो, हा तुमचा प्रश्न क्रमांक एक. त्यातून प्रेसमड शेतकऱ्यांना परस्पर विकला असेल तर हिशेब आणखी फाटतो. विक्रीच्या पावत्या मागा. कंपोस्ट यार्डाची फरशी फुटलेली असते, पहिल्या वळवाने सगळा अर्क नाल्यात उतरतो, आणि पावसाळ्यात तर कंपोस्ट करायचंच नसतं.

काठावरचा

फार उपयोगी. दंड झाला तर तो विहीरवाल्यांना मिळतो का? आणि सभासदच अर्जदार असतील तर अर्ज टिकतो का?

अर्जविनंती

दंड विहीरवाल्यांना मिळत नाही. केंद्रीय मंडळाच्या सूत्राने पर्यावरणीय भरपाई अशी निघते: प्रदूषण निर्देशांक (लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या गटाला ८०) × दिवस × रुपयांचा गुणक (साधारण २५०) × आकारमान (मोठ्याला १.५) × स्थान (१० लाखांखालच्या वस्तीला १). म्हणजे दिवसाला ३०,००० रुपये, ३० दिवसांचे ९ लाख, आणि ते मंडळाकडे जमा होतात. खरं सांगायचं तर एवढ्या रकमेपेक्षा बाष्पीभवन संच नीट चालवणं महाग पडतं, म्हणून नुसत्या दंडावर समाधान मानू नका. उलाढालीच्या टक्क्यात दंड मागण्याचा मोहही टाळा. तशा दंडाला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात नकार दिला होता.

तुमच्या लोकांसाठी कलम १५. भरपाईच्या रकमेवर १ टक्का फी, किमान १,०००, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. गोषवारा विहीरनिहाय करा: गट क्रमांक, पाण्याचा अहवाल, टँकर किंवा नव्या बोअरचा खर्च, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, पिकाचा कृषी सहायकाचा पंचनामा. सोबत विहिरी उपसून गाळ काढण्याची आणि ओढ्याचं पात्र पूर्ववत करण्याची मागणी, कारखान्याच्या खर्चाने. लवाद कायद्याच्या कलम २० मध्येच शाश्वत विकास, सावधगिरी आणि "प्रदूषण करील तो भरील" ही तिन्ही तत्त्वं लिहिलेली आहेत. वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या १९९६ च्या निकालापासून ती आपल्या कायद्याचा भाग आहेत.

सभासद असल्याने अर्ज अडत नाही. उलट मीच म्हणेन की अर्जदारांत दोन-तीन ऊस घालणारे सभासद ठेवा. ज्याला उसाचं बिल मिळतं त्यानेच डिस्टिलरी थांबवा म्हटलं की "हे विकासविरोधी" हा आरोप पहिल्याच तारखेला पडतो. आणि सहकारी संस्थेत सांडपाण्याचा खर्च वाचवून दिलेला जादा दर हा खालच्या विहीरवाल्याच्या खिशातून आलेला असतो, हे सभासदाने सभेत बोलायला हवं. संचालक ते बोलणार नाहीत.

प्रतिवादींत कारखाना, राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि जिल्हाधिकारी. लवाद बहुतेक संयुक्त समिती नेमतो. समितीची भेट आधी जाहीर होते आणि त्या दिवशी यार्ड धुतलेलं असतं. म्हणून अर्जातच अंतरिम मागणी घाला: भेट पूर्वसूचनेशिवाय व्हावी, वीजमापकावरून बाष्पीभवन संचाचे चालू तास तपासावेत, आणि अर्जदारांचा एक माणूस सोबत असावा. अहवाल आल्यावर हरकती दाखल करायला विसरू नका.

नमुनेवाला

समिती आली की बाष्पकांचा हिशेब छापून हातात द्या, आणि लगूनची खोली दोरीला वजन बांधून त्यांच्यासमोर मोजायला लावा. तळाशी गाळ साचून निम्मी क्षमता गेलेली असते, ती वरून दिसत नाही.