भिशीचे ४० हजार हातात येणार आहेत, कार्डावर भरू की घरात ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत गावभागात राहतो, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, पगार हातात २९ हजार, मी घरी ब्लाऊज शिवते त्याचे सहा-सात हजार होतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा दोन क्रेडिट कार्डं वापरली आणि नंतर किराणा, पोरीची फी असं करत करत त्यावरच चाललं. आज एकावर ९२ हजार, दुसऱ्यावर ४६ हजार आहेत.

वर्षभर आम्ही मिनिमम ड्यू भरत होतो आणि वाटत होतं की फिटतंय. मागच्या आठवड्यात मिस्टर झोपल्यावर मी स्टेटमेंट नीट वाचलं. ९२ हजारावर महिना साडेतीन टक्के म्हणजे ३,२२० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५८० च्या आसपास, आणि आम्ही भरले किती तर ४,६००. म्हणजे मुद्दलातले आठशेच कमी झाले हो! शिवाय जुनी बाकी असताना नवीन काही घेतलं की त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून दोन्ही कार्डं कपाटात ठेवलीत.

आता १० तारखेला माझी भिशी लागतेय, ४० हजार. भाऊ म्हणतो ताई सगळे लहान कार्डावर टाक, सेव्हिंगला बँक वर्षाचे हजार-बाराशे देणार आणि कार्ड तेवढ्याच रकमेवर एका महिन्यात सोळाशे खातंय. हिशेब बरोबर आहे त्याचा, मला पटतं पण.

पण २०१९ चा पूर मी बघितलाय. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो, एटीएमला ही लाईन आणि आत पैसे नाहीत. सासूबाईंनी डाळीच्या डब्यात ४,२०० ठेवले होते, निघताना तो डबाच उचलून आणला होता त्यांनी, नोटांना डाळीचं पीठ लागलेलं, त्यावर आठवडा काढला. २०२१ ला परत तेच. त्यामुळे घरात काहीच न ठेवता सगळं भरून टाकायला माझा हात होत नाही. शिवाय हातात काही नसलं आणि कुणी आजारी पडलं की परत तेच कार्ड बाहेर निघणार ना.

माझ्या मनात असं आहे की १५ हजार बाजूला ठेवायचे, त्यातले पाच घरात रोख आणि दहा वेगळ्या खात्यात ज्याचं एटीएम कार्डच घ्यायचं नाही, आणि २५ कार्डावर. पण कुठल्या? लहान आधी संपवलं तर एक कटकट तरी जाईल, व्याज दोन्हीला सारखंच आहे.

दुसरं, माझ्या पाटल्या आहेत. बँकेत गोल्ड लोनला वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास म्हणाले, म्हणजे मोठ्या कार्डाचे ९२ हजार तिकडे वळवले तर महिन्याचं व्याज ३,८०० वरून पावणेआठशेवर येतं. मिस्टर अजिबात ऐकत नाहीत, बायकोच्या अंगावरचं गहाण टाकणार नाही म्हणतात, आणि मलाही भीती हीच की हप्ता चुकला तर लिलाव. पण दर महिन्याला तीन हजार वाया जाताना बघवत नाही. कार्डवाल्यांचा बाकीचे ईएमआय करून देतो म्हणून फोन येतो, त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावर परत जीएसटी धरून खरंच स्वस्त पडतं का?

कुणी सोनं ठेवून कार्ड फेडलं असेल तर सोडवायला किती दिवस लागले, महिन्याला मुद्दल थोडं थोडं भरता येतं का, तेवढं नक्की सांगा. मिस्टरांना दाखवायचं आहे. १० च्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.